पाय दाराकडे

घर सजवायला कॉलेज लागतं, हे आमच्या हिंगणघाटच्या गल्लीत कोणाच्याच पचनी पडलं नाही. चित्रकलेची पदवी घेतली तेव्हा लोक गप्प होते. पोरगी कुठल्यातरी शाळेत ड्रॉइंग शिकवेल, एवढं त्यांना समजत होतं. पण त्यानंतर मी नागपूरच्या कला महाविद्यालयात अंतर्गत सजावटीच्या पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं, आणि शेजारची काकू ओट्यावर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काऊन व, घर सजवाले बी शिका लागते काय? आमी काय उकिरड्यात राहून राह्यलो?" मी तिला काहीतरी तिखटच उत्तर दिलं असणार. माझं तोंड तेव्हाही चालायचं आणि आताही चालतं.

बाबांनी मात्र नीट विचारून घेतलं. ते कापडाच्या मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे मागांवरच्या माणसांना कामाला लावायचं, कोणाचा माग बंद पडला की धावायचं. मी सांगितलं, माणूस घरात कुठं बसतो, कुठून चालतो, त्याला उजेड कुठून मिळतो, ते बघून खोली मांडायची. ते म्हणाले, "मंग बराबर हाय. दोन मागाच्या मधात जागा कमी पडली तं मानूस दिवसभर आदळते. शिक तू." घरातून मला मिळालेली परवानगी एवढीच, आणि ती पुरली.

ऐंशी सालाच्या पुढची ही गोष्ट. हॉस्टेलवर राहायचं, शनिवारी एसटीनं घरी यायचं. कॉलेजात आम्हाला हॉटेलचा स्वागतकक्ष, बँक मॅनेजरची केबिन, विमान कंपनीचं ऑफिस असल्या जागा काढायला देत. मी विमान आभाळातच पाहिलेलं. त्याच्या ऑफिसात माणसं बसतात की उभी राहतात, देव जाणे. तरी काढलं. ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघ मारायची, चुकली की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. एक जाड पुस्तक होतं, त्यात उभा माणूस, बसलेला माणूस, हात वर केलेला माणूस, सगळ्यांची मापं दिलेली. तो माणूस उंच आणि परदेशी होता, आणि त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत होते.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली आणि मान फारशी वळेना. दवाखान्यातून आणलं आणि घरच्यांनी त्यांना मधल्या खोलीत ठेवलं. आमचं घर ओळीतलं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. समोर बैठक, मध्ये ही खोली, मागे सैपाकघर. मधल्या खोलीला खिडकी नाही. छपराच्या कवेलूंमध्ये एक काच बसवली होती, तिच्यातून दुपारी हातभर ऊन खाली यायचं, तेवढाच उजेड. आजारी माणसाला वारा लागू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागू नये, म्हणून त्याला आतच ठेवायचं, ही सगळ्यांकडची रीत. त्यात वावगं कोणाला दिसलं नाही. मलाही नाही.

मिलचा रस्ता आमच्या दारावरून जायचा. भोंगा वाजला की एक पाळी जायची आणि एक परत यायची, सायकली, डबे, खोकले, शिव्या, हसणं. बाबा धडधाकट असताना सुटल्यावर ओट्यावर बसून दुसऱ्या पाळीतल्या एकेकाला हाक मारत. त्यांना गल्लीच्या टोकावरून चालण्यावरून माणूस ओळखू यायचा. आता ते अंधारात पडून आवाज ऐकत आणि जड जिभेनं विचारत, "कोन गेलं?" आई सैपाकघरातून म्हणायची, "कोनी नाई, झोपा." रस्त्यावर तेव्हा शंभर माणसं असायची.

दुसऱ्या वर्षी शेवटच्या प्रकल्पासाठी जागा निवडायची वेळ आली. मी सरांना सांगितलं, मी माझ्या वडिलांची खोली करणार. सर भले माणूस, पण दचकले. म्हणाले, "अगं, परीक्षक बाहेरून येतात. बाकीचे थिएटर करतायत, दवाखाने करतायत. एका खोलीत तू दाखवणार काय?" मी म्हणाले, "एका माणसाला रस्ता दाखवणार." ते जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, मापं नीट घेऊन ये.

मापं घ्यायला घरी आले तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला बाबांनीच डावा हात पुढे केला. मी त्यांच्या बोटांत टोक दिलं. ते इतकं घट्ट धरून ठेवलं की सोडवताना मला हसू आलं, आणि मग मी सैपाकघरात जाऊन पाणी प्यायले, कारण बाबांसमोर रडता आलं नसतं. नंतर मी त्यांच्या बाजेसारखी दुसरी बाज बैठकीत टाकून, तिच्यावर स्वतः निजून पाहिलं. आडवी टाकली तर आत-बाहेर जायची वाटच बंद, आणि मान न वळणाऱ्या माणसाला समोर नुसती भिंत. सरळ टाकली, डोकं आतल्या भिंतीकडे, उशाखाली विटांचा उंचवटा, तर दारातून थेट रस्ता दिसत होता. सायकलीची चाकंही दिसत होती, माणसांची तोंडंही. मी तशी निजलेली पाहून काकू दारातूनच परत गेली. मला वाटलं, लाजली असेल.

आधी पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल केलं. काड्यापेटीतल्या काड्यांची बाज, कापसाची उशी, बाजेवर मेणाचा इवलासा माणूस. ते मोठ्या हौसेनं आईपुढे ठेवलं. आईनं पदराला हात पुसले, वाकून पाहिलं. बैठक ओळखली, ओटा ओळखला, चूलसुद्धा ओळखली. मग दोन बोटांनी ती बाज उचलली आणि मधल्या खोलीत नेऊन ठेवली.

"काऊन व?" मी विचारलं.

"जितं मानूस हाय थे," आई म्हणाली. "पाय दाराकडं करून कोनाले ठेवते मानूस?"

मला ते माहीत होतं. आमच्याकडे कोणी गेलं की त्याला बैठकीत आणतात, पाय दाराकडे करून ठेवतात. रस्त्यानं जाणारा-येणारा ते पाय पाहतो, चपला काढतो, थोडा थांबतो आणि मग पुढे जातो. लहानपणापासून मी हे पाहत आले होते. दोन वर्षं शिकले आणि खोलीतला उजेड, वाट, नजर सगळं मोजलं. हे तेवढं विसरले. विसरले म्हणजे काय, कागदावर पाय ही नुसती बाजेची खालची बाजू असते.

तरी मी भांडले. म्हणाले, "बाबा अंधारात कुजून राह्यले ते चालते, अन् पाय चालत नाईत?" बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठे बाबा, तेव्हा बसले होते. ते म्हणाले, "पोरी, तुह्या शिक्षनाले आमी नाई म्हटलं नाई. पन घरात अशी बाज जो टाकते थो यमाले बोलावनंच धाडते." आई रडायला लागली. आतून बाबा विचारत होते, "काय झालं?" आणि त्यांना कोणी सांगत नव्हतं. कच्चं मॉडेल मी रागानं कपाटावर टाकलं आणि नागपूरला निघून गेले.

परीक्षेला मी तीच मांडणी दिली. पक्कं मॉडेल केलं, बाजेवर निजलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून रस्त्यापर्यंत लाल रेघ काढून ती नजर कशी जाते ते दाखवलं. परीक्षकांपैकी एकजण बराच वेळ वाकून त्या रेघेकडे पाहत राहिले. म्हणाले, "हे घरात प्रत्यक्ष करून पाहिलं का तुम्ही?" मी म्हणाले, नाही. "करा," ते म्हणाले. त्यांना पायांचं काही सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, तुझं झालं. मला आनंद म्हणून झाला नाही. पुठ्ठ्यातला माझा बाप रस्ता पाहत होता आणि खरा बाप कवेलूतली काच पाहत पडला होता.

कागदांची गुंडाळी घेऊन मी दुपारच्या गाडीनं घरी आले. एसटी स्टँडवरून चालत गल्लीच्या टोकाशी पोचले तेव्हा मिलचा भोंगा होऊन थोडा वेळ झाला होता. सुटलेली पाळी समोरून येत होती. आमच्या दारापाशी ती थांबली होती. दहा-बारा माणसं, सायकली हातात, चपला काढलेल्या. गुंडाळी हातातून पडली की मी टाकली, आठवत नाही. माणसांमधून वाट काढत गेले आणि दारातून मला बाबांचे पाय दिसले. बैठकीत, दाराकडे केलेले.

ती मांडणी माझी होती. शाईनं मीच काढलेली, लाल रेघेसकट. पण त्या क्षणी मला ती ओळखू आली नाही. गल्लीतल्या कोणालाही जे दिसलं असतं तेच मला दिसलं, माझा बाप गेला.

तेवढ्यात पायांच्या पलीकडून, विटांवर उंच केलेल्या उशीवरून डावा हात वर झाला. आणि जड जिभेनं आवाज आला, "जिता हावो लेकहो. या ना आत."

मग बाबांचा मागावरचा जुना जोडीदार, त्यांच्याहून वयानं लहान, तो एकदम खाली उकिडवा बसला आणि हसता हसता रडायला लागला. "काय गा जॉबरसाहेब," तो म्हणाला, "जीवच घेतला असता आमचा." सगळे आत आले. बैठकीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. बाबा एकेकाला नाव घेऊन हाक मारत होते, आणि ज्याचं नाव जिभेवर येत नव्हतं त्याला हात धरून हलवत होते.

आईनं मला नंतर सैपाकघरात सांगितलं. मी गेल्यावर बाबांनी विचारणंच बंद केलं होतं. भोंगा वाजायचा, पाळी जायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवण तोंडातून परत यायचं. "कोन गेलं म्हनत होते तवा मले राग ये," आई म्हणाली. "विचारत नाई म्हटल्यावर मंग मले भेव वाटलं." त्या दुपारी तिनं कपाटावरून मॉडेल काढलं, ओट्यावर ठेवून पाहिलं आणि काकूला हाताशी घेऊन बाज ओढून बैठकीत आणली. काकू म्हणत होती, व माय, नको. आई म्हणाली, तू फक्त ओढ.

बैठकीतली खिडकी खाली घेणं, भिंतीत फळी बसवणं, माझ्या आराखड्यातलं बाकी काहीच झालं नाही. बाज तेवढी झाली. मोठे बाबा बरेच दिवस आमच्याकडे आले नाहीत. आले तेव्हा बाजेच्या बाजूनं, पायांकडे न पाहता आत शिरले. मिलच्या माणसांना मात्र सवय झाली. येता-जाता हात वर करायचे, आतून डावा हात वर व्हायचा. कोणी चपला काढत नव्हतं, कोणी थांबत नव्हतं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी नागपूरला एका फर्निचरवाल्याकडे नोकरीला लागले. शनिवारी आले की बाबा मला आठवड्याभरातल्या बातम्या सांगत. कोण नवीन सायकल घेऊन आला, कोण लंगडतो आहे, कोण चार दिवस दिसला नाही. आई आतून म्हणायची, "नजर लागत नाई आता याइले. हेच साऱ्या गावाले नजर लावून राह्यले." बाबा मान डोलवत हसायचे.

पुढच्या पोळ्यानंतर, एका सोमवारी पहाटे ते झोपेतच गेले. मी अजून नागपूरला निघाले नव्हते. आईनं त्यांना अंघोळ घातली, धोतर नेसवलं, उशाखालच्या विटा काढून टाकल्या. बाज हलवावी लागली नाही. जशी होती तशीच ती बरोबर होती. निरोप सगळ्यांकडे जायचे होते, मोठे बाबा अजून वाटेत होते. आई आणि मी उशाशी बसलो होतो.

तेवढ्यात भोंगा झाला. पहिली पाळी यायला लागली. आमच्या दारावरून माणसं जात राहिली, सायकलींच्या घंट्या वाजत राहिल्या. एकेकानं नेहमीसारखा हात वर केला आणि पुढे गेला. कोणी थांबलं नाही. त्यांनी ते पाय इतके दिवस रोज पाहिले होते.

मागून बाबांचा तो जुना जोडीदार आला. त्यानं हात वर केला आणि उत्तराची वाट पाहत सायकलचा वेग कमी केला. आई बाबांच्या मागे बसलेली होती. मिलमधल्या परक्या माणसांसमोर ती कधी दारात यायची नाही, आली तर पदर ओढून. तिनं आपला बांगड्यांचा हात हळूच वर केला.

तो सायकलवरून उतरला. त्यानं चपला काढल्या.