उलटवलेला चेहरा

“ही मी आहे.”

“ही तू नाहीस, ताई.”

“छोटे, माझे डोळे अजून शाबूत आहेत. ही मी आहे!”

“ती एका वकिलाची बायको आहे. कादंबरीतली. तिला नाव आहे, सासू आहे, तिसऱ्या प्रकरणात ती घर सोडून...”

“मला तिची प्रकरणं नको सांगूस. हे काय आहे?” ताईने संगणकाच्या पडद्यावर बोट रोवलं. इतक्या जोरात, की बोटाभोवतीचे रंग क्षणभर फिकुटले. “हे. भुवईत. हे काय आहे?”

छोटीने खुर्ची मागे सरकवली. चहाचे दोन कप टेबलावर तसेच वाफाळत होते. ताई ते घेऊनच आत आली होती. छोटीने प्रकाशकांकडून आलेलं तयार मुखपृष्ठ नेमकं त्याच वेळी उघडलं, आणि पाठीमागून कप आदळल्याचा आवाज आला.

पडद्यावर एक बाई होती. कानापर्यंत कापलेले केस, आतून दाताखाली धरलेला खालचा ओठ, मानेची ताठ शीर. डाव्या भुवईला मधोमध चिरत गेलेला नवा, गुलाबीसर व्रण. आणि ताईच्या डाव्या भुवईवर, पडद्यापासून हातभर अंतरावर, तोच व्रण.

“पण मी तर ती उलटवली होती,” छोटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला.

छोटी म्हणजे वयाने छोटी नव्हे. चाळिशीला टेकली होती, चष्म्याला जाड काच लागली होती, पण घरात धाकटी म्हणून चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं. ती मुखपृष्ठं करायची. सुरुवात फोटो स्टुडिओत झाली, नवरानवरीच्या चेहऱ्यावरचे मुरुम पुसण्यापासून. “माझं अख्खं तारुण्य दुसऱ्यांचे डाग काढण्यात गेलं,” असं ती हसत सांगायची. मग पाककृतींची पुस्तकं आली, मग भुताखेतांची, मग खून-दरोड्यांची. कागद आणि रंग कधीच कपाटात गेले. आता एक काळी पाटी, तिच्यावर चालणारी पेनासारखी काठी आणि समोर पडदा, एवढाच पसारा.

तिची पात्रं करायची रीत मात्र जुन्या वळणाची होती. मनाने काढलेला चेहरा बाहुलीसारखा गुळगुळीत होतो, असं तिचं ठाम मत. म्हणून ती माणसं उचलायची. औषधवाल्याचं नाक, टपालवाल्या बाईची मान, बँकेतल्या साहेबांचे कान. तिच्या मुखपृष्ठांवर अख्खी गल्ली नांदत होती. समोरच्या शिंप्याने तर एकदा गळा आवळणाऱ्या खुन्यात स्वतःला ओळखलं आणि रागवायचं सोडून दुकानात ते पुस्तक काचेमागे लावलं. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप टाकून म्हणायचा, “घाबरू नका, तो मीच!”

लोक ओळखतात, हे तिला माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

“उलटवली होती म्हणजे काय?” ताईने विचारलं.

“म्हणजे... आरशात धरल्यासारखं. डावं उजवीकडे. चित्र चुकतंय का ते बघायला आम्ही करतोच तसं. एकच चित्र सारखं बघून डोळा आंधळा होतो, मग उलटवलं की वाकडं नाक, खाली-वर झालेले डोळे, सगळं दिसतं. तुझं उलटवलं तर ताई, खरं सांगते, तू मलाच ओळखू येईनास. म्हटलं, झालं काम. तसंच ठेवलं. व्रण उजवीकडे, भांग उलटा. कोणाचा बाप ओळखणार नाही.”

“मग हा डावीकडे कसा आला?”

छोटीने प्रकाशकांकडे फोन केला, स्पीकर लावला.

“अहो काय चेहरा काढलाय तुम्ही!” पलीकडून संपादकबाईंचा आवाज खोलीभर झाला. “आमचा शिपाई म्हणतो, टेबलावर पालथं ठेवा, ती बघते माझ्याकडे!”

“बाई, ते चित्र उलटं का झालंय?”

“हो हो, ते मांडणीवाल्याने केलं. कादंबरीचं नाव बसेना हो. नाव जिथे हवं तिथे नेमकी तिची मान. मग त्याने चित्र आडवं उलटवलं, आणि बघा, नाव कसं ऐटीत बसलंय! तुम्हीच सांगता ना, चांगलं चित्र दोन्हीकडून चांगलं दिसलं पाहिजे?”

छोटीने डोळे मिटले. सांगितलं होतं. भर कार्यशाळेत, हात नाचवत सांगितलं होतं.

“छपाई थांबवा. मला दुरुस्ती करायचीय.”

“छपाई उद्यावर आहे, करा की. पण कसली दुरुस्ती?”

“भुवई.”

“भुवई? अहो, तीच तर जान आहे त्याची! सकाळी चित्र टाकल्यापासून लोक तेवढंच विचारताहेत, हिला कोणी मारलं.”

छोटी सावरून बसली.

“टाकल्यापासून म्हणजे? कुठे टाकलं?”

“सगळीकडे! तुमच्या नावासकट. थांबा हं, दुसरा फोन येतोय...”

फोन बंद झाला. ताई खिडकीकडे गेली, पडदा दोन बोटांनी बाजूला करून खाली बघितलं, आणि पडदा पुन्हा नीट जुळवला. घरात आल्यापासून ती खिडकीशी अशीच जायची, बाजूने, भिंतीला पाठ लावून.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, इथे एकदा येऊन गेले होते. ताई घर सोडून छोटीकडे आल्यावर थोड्याच दिवसांनी. भर दुपारी बेल वाजली आणि ताई अनवाणी, आवाज न करता, न्हाणीघरात गेली. भाऊजी याच टेबलापाशी बसले. नीट इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. “तुझी ताई रागावून गेलीय गं. तुझ्याकडे काही कळलं?” छोटीने नकारार्थी मान हलवली होती. ताईची आणि माझी वर्षभर भेट नाही, बोलणं नाही, मीच तिच्यावर रुसलेय, असं धडधडीत सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. भांडणाबद्दल बोलले, काळजीबद्दल बोलले. कपाटाच्या दारावर त्यांनी ताईचं डोकं आपटलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही. मग पाणी मागितलं, प्यायले, स्वयंपाकघरात जाऊन पेला स्वतः विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. न्हाणीघराचं दार तिथून हाताच्या अंतरावर होतं. जाताना काळ्या पाटीवरची काठी उचलून बोटांत फिरवत म्हणाले, “तू म्हणे माणसं बघूनच काढतेस? तुझी ताई सांगायची.”

त्यानंतर तो पेला छोटीने कधी वापरला नाही. फेकलाही नाही. फेकायला हात लावावा लागला असता.

“भाऊजींना कळेलच असं नाही,” ती आता म्हणाली.

“भाऊजी म्हणू नकोस त्याला.”

“सवय गं. त्याला. त्याला कळेलच असं नाही. केस कापल्यावर त्याने तुला पाहिलेलं नाही.”

“केस?” ताई वळली. “छोटे, तू त्याला काय सांगितलंस? वर्षभर भेट नाही. बरोबर? मग हा व्रण तुला कुठून माहीत? ज्या दिवशी झाला त्याच दिवशी मी निघाले. तो त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. आणि मला त्यानंतर ज्याने बघितलंय, त्याला.”

छोटीने चित्राकडे पुन्हा बघितलं. इतकी साधी गोष्ट. नाक, डोळे, हनुवटी यांत ती अडकली होती. कोणी ताईला ओळखेल का, एवढंच तिने तपासलं होतं. चेहरा काय सांगेल, हे नाही.

“मी आत्ता पुसते. बघ, आत्ता.” तिने मूळ चित्र उघडलं, काठी धरली. रेघ भलतीकडे गेली.

“हे काय आहे सगळं?” ताई मागे येऊन उभी राहिली. पडद्याच्या कडेला एकाखाली एक पट्ट्या होत्या.

“थर. काचेच्या ताटल्या एकावर एक ठेवाव्यात ना, तसं. ह्यात नुसता चेहरा. ह्यात केस. ही सावली, ही मागून येणारी उजेडाची कड. हा वरचा कागदासारखा खरखरीतपणा, तो शेवटी देतात, म्हणजे चित्र प्लास्टिकसारखं चकाकत नाही.” बोलत राहिलं की हात स्थिर होतो, म्हणून ती बोलत राहिली. “आणि हा...”

“हा व्रण.”

“हो.”

“वेगळा थर आहे त्याचा?”

“हो.”

“आणि हे डोळ्याचं चित्र कसलं, प्रत्येकासमोर?”

छोटीने काठी खाली ठेवली.

“छोटे.”

“ते दाबलं की तो थर दिसेनासा होतो.”

ताईने स्वतः वाकून ते दाबलं. पडद्यावरच्या बाईची भुवई अखंड झाली. पुन्हा दाबलं. व्रण परत आला.

“इतकं सोपं?”

“ताई...”

“इतकं सोपं होतं?”

“मी बंद केला होता. खरंच, पाठवायच्या आधी बंद केला होता मी तो.”

“मग?”

“मग... चालू केला. परत बंद केला. परत...”

“मग?”

“त्याच्याशिवाय चेहरा मेला होता गं!” छोटीच्या तोंडून निसटून गेलं. “नुसती एक बाई. घाबरलेली, पण कशाला ते कळेना. व्रण चालू केला की ती जिवंत व्हायची. मी म्हटलं, उलटवलाच आहे ना. मग मी सगळे थर एकात दाबले आणि पाठवून दिलं.”

ताई हसली. आवाज न करता, नुसते खांदे हलले. “चेहरा मेला होता,” ती म्हणाली. मग पडद्यावर प्रकाशकांचं चित्र पुन्हा समोर आणून बराच वेळ बघत राहिली. “गंमत बघ. मला वाटत होतं, हिचं काहीतरी वाकडं आहे. मी रोज आरशात बघते ती ही नाही. आत्ता कळलं. ही आरशातली नाहीच. समोर उभा राहून तो बघायचा, ती ही.”

छोटीने फोन ओढला, प्रकाशकांनी सकाळी टाकलेलं चित्र शोधलं. खाली माणसांची रांग लागली होती. वा, जबरदस्त, अंगावर काटा. तिचं बोट भराभर खाली सरकत गेलं.

“काय शोधतेस?”

“तो माझ्या प्रत्येक चित्राला अंगठा देतो. इथून गेल्यापासून. मांजर काढलं तरी, चहाचा कप काढला तरी. पहिला त्याचाच असतो. म्हणजे बघत असतो, एवढं सांगायला.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तू घाबरली असतीस.”

“ह्याला दिलाय?”

छोटीने पुन्हा वरून खालपर्यंत बघितलं. मग पुन्हा.

“नाही,” ती म्हणाली. “ह्याला नाही दिला.”

खाली रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीचं दार लागलं आणि दोघींनीही श्वास धरला. पावलं आली, शेजारच्या जिन्याकडे वळली, विरली. त्याच्या घरून इथे यायला एक सकाळ पुरत होती. आणि सकाळ संपत आली होती.

ताई आत गेली. कपाटाचा आवाज आला नाही, कारण तिचे कपडे कपाटात कधी गेलेच नव्हते. पिशवी पहिल्या दिवसापासून भरलेली होती. बाहेर आली तेव्हा तिने डोक्यावरून रुमाल असा बांधला होता, की तो भुवयांपर्यंत उतरला होता.

“पोलिसांकडे जाऊ आपण,” छोटी दाराकडे धावली. “शिंपीदादांना बोलावते. ते येतील, ते धिप्पाड आहेत. आपण दार आतून लावू. ताई, ऐक ना!”

“तो आला तर काय सांगशील?”

“तेच. माहीत नाही म्हणेन.”

“तुला नाही जमत, छोटे. तोंडाने जमतं. तुझ्या हाताला जमत नाही. तू जे बघतेस ते उमटतं.” ती रागाने बोलत नव्हती, आणि त्याचीच छोटीला जास्त भीती वाटली. “तुझी चूक नाही म्हणत मी. पण आहे ते आहे.”

“मी नाही काढणार. शपथ. काहीच नाही काढणार आता.”

ताईने चपला घातल्या. एक पट्टा लागेना. खाली वाकून तो तिने शांतपणे लावला. दाराच्या भिंगातून बाहेर बघितलं, मग कडी उचलली.

“कुठे जातेस तेवढं तरी सांग,” छोटी म्हणाली. “कोणाकडे? ताई? गावाचं नको, नुसती दिशा सांग. मी कोणाला... ताई, अगं, तू पोचलीस हे मला कसं कळणार?”

ताईने तिच्या गालावर एकदा हात ठेवला. मग दार पावभर उघडलं, बाजूने बाहेर पडली आणि जिना उतरून गेली.