निवत ठेवलेले जोड

आमच्या न्हाणीघरातल्या निळ्या बादलीला एक जोड आहे. कडी अडकते तिथून तडा खाली उतरला होता, तो तिनं सांधून दिला. रोज सकाळी बादली उचलताना माझं बोट त्या जोडावरून जातं. बारीक बारीक लाटा, एकामागून एक, आणि सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या. ती डावखुरी होती.

ती म्हणजे कॉलेजातली माझी सहकारी. वयानं माझ्या मुलीएवढी, पहिल्या वर्षाला डिझाइन शिकवायची आणि माझ्याच हाताखाली पीएचडी करायची. विषय प्लॅस्टिकच्या वेल्डिंगचा. एका हातात गरम हवेची गन, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची काडी. तड्याच्या कडा आणि काडी एकदम मऊ झाल्या की काडी दाबत पुढं सरकायचं. आता हे सगळं यंत्रं करतात, म्हणून तिनं हातानं घालायच्या जोडाचा विषय आणला तेव्हा मी नाक मुरडलं. ती म्हणाली, "मॅडम, आपल्याकडं पाइप शेतात फुटतो, लॅबमध्ये नाही." तिच्या वडिलांची नदीवरून पाणी उचलणारी पाइपलाइन होती, कबनूरच्या पलीकडं. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

ती गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आलीच नाही. माणूस गेलं की त्याचे कपडे, चपला घरचे लोक नजरेआड करतात. हिचं तसं करता येईना, कारण कॉलेजात ज्याचं जे काही मोडेल ते हिच्याकडं यायचं. स्टाफरूममधली माझ्या शेजारची खुर्ची, हॉस्टेलच्या टाकीचं झाकण, शिपायाच्या गाडीचं मडगार्ड. कुठंही नजर गेली की त्या उलट्या लाटा दिसायच्या. एकदा खुर्ची सरकवताना जोडाला हात लागला आणि तो कोमट वाटला. ऊन आलं असेल खिडकीतून. असेलच. पण मी त्या खुर्चीवर पुन्हा बसले नाही, आणि दुसरं कुणी बसलं तर माझा जीव वरखाली व्हायचा.

तिचा डिझाइनचा तास माझ्याकडं आला. पहिल्या दिवशी ती मुलांना घरातली एक मोडकी वस्तू आणायला सांगायची. कुणी कप, कुणी छत्री, कुणी दुधाच्या किटलीचं झाकण. मग प्रश्न एकच, "मोडलं कुठं, आणि तिथंच का मोडलं?" ते समजल्याशिवाय कागदावर पेन्सिल टेकवायची नाही. मी तो तास माझ्या पद्धतीनं घ्यायचं ठरवून वर्गात शिरले, उभी राहिले आणि तोंडातून तेच वाक्य बाहेर पडलं, तिच्याच चालीत, शेवटच्या शब्दावर जरा थांबून. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र फळ्याकडं वळले.

पण सगळ्यात अवघड होत्या खिडकीतल्या पट्ट्या.

आमच्या कामाचा एक नियम आहे. जोड घातला की लगेच तपासायचा नाही, त्याला निवू द्यायचं, आतून बाहेरून पुरतं. मग ती पट्टी ताण-यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती ताणाला तुटली आणि कुठं तुटली, एवढंच संशोधन. जोड किती पक्का, हे तो मोडल्याशिवाय समजायला दुसरी वाट नाही. तिनं शेवटच्या आठवड्यात केलेल्या पाच पट्ट्या तिनंच खिडकीच्या कट्ट्यावर निवायला मांडल्या होत्या. तळहाताएवढ्या रुंद, करड्या, मधोमध आडवा जोड. त्या तशाच राहिल्या.

त्यांच्यावाचून तिचं काम अर्धवट होतं. त्या तोडून आकडे घातले असते तर तिच्या नावानं निदान एक शोधनिबंध छापायला गेला असता. आणि प्लॅस्टिक उन्हात पडून जुनं होतं, एकेका महिन्यानं त्या आकड्यांची किंमत कमी होत होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी लॅबमधल्या सरांनी विचारलं की मी म्हणायची, "निवतायत अजून." ते एकदा हसत म्हणाले, "मॅडम, एवढ्या वेळात लाव्हा निवला असता." मी त्यांना असं काही सुनावलं की त्यांनी पुन्हा त्या कट्ट्याकडं पाहिलं नाही.

मला त्या तोडायच्या नव्हत्या. तोडल्या की तिच्या हातचं, अजून कुणी न तपासलेलं, असं काही उरणार नव्हतं. आणि दुसरंही एक कारण होतं. पाचवी पट्टी मी खूपदा न्याहाळली होती. तिच्यावरच्या लाटा अर्ध्यापर्यंत नेहमीसारख्या नेटक्या होत्या. पुढं त्या लांबत गेल्या होत्या, एक मध्येच दबलेली, एक नुसतीच ओघळलेली.

परवा तिचे वडील आले. दिवस उसाच्या हंगामाचे, कसबा बावड्याच्या कारखान्याकडून मळीचा वास येत होता. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, लॅबच्या दाराबाहेर चपला काढून उभे. मी त्यांना आत बसवलं. चहा आला. इकडचं तिकडचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "अक्का, तिच्या हातचं काय ऱ्हायलं असंल तर बघा की. तिची आई लई मागं लागलीया."

मी खिडकीतून पाचही पट्ट्या आणल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते. घरी जातील, देव्हाऱ्याजवळ राहतील, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

त्यांनी एक पट्टी हातात घेऊन जोडावरून अंगठा फिरवला. "हे कशापायी केलतं तिनं?"

"तोडायला," मी म्हणाले. आणि मग निवायचं, ताणायचं, सगळं सांगितलं.

"मग तोडली का न्हाईसा?"

त्यांनी थोडी वाट बघितली. मग पट्ट्या गोळा करून माझ्या हातात दिल्या. "तिचं काम हाय न्हवं? मग करा. मी बसतो."

मी यंत्र चालू केलं. पहिली पट्टी ताणली जाताना पांढरी पडत गेली आणि जोडाच्या बाजूला तुटली. जोड शाबूत. दुसरी तशीच, तिसरी आणि चौथीही. यंत्राच्या पडद्यावर ताणाची रेघ चढायची आणि कोसळायची. प्रत्येक आवाजाला ते डोळे मिटत होते, पण उठले नाहीत.

पाचवी मी जबड्यांत धरली. ती फार ताणलीच नाही. जोडावरच उघडली, आणि ज्या बाजूला लाटा सैल होत्या त्या बाजूनं. आत काडी चिकटलीच नव्हती, नुसती वरून बसली होती.

त्यांनी दोन्ही तुकडे घेऊन खिडकीपाशी उजेडात धरले. "ही कवाची?"

"शेवटच्या दिवशीची."

"व्हय," ते म्हणाले. "सकाळी म्हनत हुती, आप्पा, हात जड झालाय. मी म्हनलं नगं जाऊ. तर म्हनली, एकच ऱ्हायलंय."

एकच राहिलंय. मलाही ती तेच म्हणाली होती, ह्याच टेबलाशी, गन हातात धरून. मी तो आकडा होता तसा उतरवून घेतला.

ऊन कलायला लागलं होतं. ते उठले. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचायचं होतं. तीही अशीच, दिवस मावळायच्या आत डबा खायची, त्यासाठी चालू गन बंद करून. मी चारही मजबूत पट्ट्यांचे तुकडे एका कागदात गुंडाळले आणि त्यांच्यापुढं धरले. त्यांनी ते माझ्याकडं परत सरकवले.

"चांगली तुमच्याकडं ऱ्हाऊंद्यात, अक्का. तुमास्नी लागतील." पाचवीचे दोन तुकडे त्यांनी एकाला एक लावून बघितले, नीट बसले तेव्हा टॉवेलात बांधले. "ही मी घरी न्हेतो. हिला बरं न्हवतं."