मास्तरांच्या पँटची कंबर

शिवणकाम करणारे मास्तर गिऱ्हाइकाच्या कंबरेबद्दल कधी चकार शब्द काढत नसत. कंबर वाढलेली दिसली की टेप मुकाट्यानं गुंडाळायची, शिवणीत राखून ठेवलेलं कापड आतल्या आत सोडायचं आणि पँट हातात द्यायची. गिऱ्हाईक आरशासमोर पोट ओढून विचारायचं, "मास्तर, आहे ना मी पूर्वीसारखाच?" मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचे, "तसूभर फरक नाही." गिऱ्हाईक खूश आणि दुकानाचंही बरं चाललेलं. यात खोटं काय बोललो, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

आज हेच मास्तर डॉक्टरबाईंसमोर स्टुलावर बसले होते. शेजारी बायको. तिनंच त्यांना हाताला धरून आणलं होतं, कारण हल्ली ताटातलं अर्धं अन्न ताटातच राहत होतं.

"काय होतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तसं काही नाही."

"तसं काही नाही हे सांगायला एवढा वेळ बाहेर ताटकळलात?"

"जेवण जात नाही यांना," बायको म्हणाली.

"जातं हो. भूक जरा कमी झालीय, एवढंच."

"गिळताना अडकतं का?"

अडकत होतं. घास छातीच्या मधोमध थांबायचा, वरून पाणी ढकललं तरी हलायचा नाही. "कधीतरी," ते म्हणाले. "घाईघाईत खाल्लं तर."

डॉक्टरबाई लिहीत होत्या. "बाहेरच्या काट्यावर आत्ता झालेलं वजन हे. आधी किती होतं?"

"हेच असेल."

"कपडे सैल झालेत?"

"छे!" या वेळी बायकोच उत्तरली. "अगदी अंगाबरोबर बसतात. बघा ना."

डॉक्टरबाईंनी बघितलं. पट्टा नसूनही पँट कंबरेला बेताची बसली होती. बसणारच. दुपारी दुकानातले सगळे जेवायला गेले की मास्तर दुकानाचं दार ओढून घेत आणि स्वतःचीच पँट उसवून आत घेत. आतापर्यंत तीनदा घेतली होती. शर्टही बाजूंनी आवळून झाले होते. बायकोला काही दिसता कामा नये, एवढाच हेतू. बाहेरून सुरकुतीसुद्धा दिसत नव्हती.

थोरला भाऊ गेला, त्याच्या शेवटच्या वर्षी त्याच्या पँटीही त्यांनी अशाच आत घेतल्या होत्या. "जरा हडकलोय रे," भाऊ हसत म्हणायचा. "वहिनीला बोलू नकोस." मास्तर बोलले नव्हते. आता घास अडकला की त्यांना भावाचं ते हसू आठवायचं.

"पित्त दिसतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या देते. महिन्यानं दाखवा. घाबरू नका."

मास्तरांना हायसं वाटलं. दारापर्यंत ते जवळजवळ ताठ चालत गेले.

"बघा!" बाहेर आल्यावर बायको म्हणाली. "उगाच जीव टांगणीला लावला होतात माझा." तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता.

तो चेहरा मास्तरांच्या ओळखीचा होता. आरशासमोर पोट ओढून उभी राहिलेली माणसं अशीच खुलायची. पाठीमागे कंबरेशी दुमडलेल्या कापडाचा जाड थर टोचत होता. आजवर तो फक्त बसताना टोचायचा.

पुढचा पेशंट उठला होता. त्याला हातानंच थांबवून मास्तर परत आत शिरले. बायको "अहो, काय झालं?" म्हणत मागोमाग. त्यांनी शर्ट वर ओढला आणि पाठ करून पँटची कंबर उलटी करून दाखवली.

"काय आहे हे?" डॉक्टरबाईंना काही उमजेना.

"मी आत घेतलीय." मास्तर मागे हात नेऊन एकेक शिवण दाखवू लागले. "आधी इथवर. मग इथवर. ही आत्ताची शिवण. आणि घास रोज अडकतो, डॉक्टर. आता पातळ केलेलंही नीट उतरत नाही. माझ्या भावाचं असंच झालं होतं. मला फार भीती वाटते हो."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. उठून त्यांनी मास्तरांची मान आणि गळ्याखालची हाडं चाचपली, भावाला काय झालं होतं ते विचारलं आणि या वेळी मास्तरांनी काहीही राखून ठेवलं नाही. मग मास्तरांच्या हातातली गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरबाईंनी फाडली आणि दुसरी लिहिली.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या. घशातून नळी घालून आत बघावं लागेल."

मघाचं ते ‘घाबरू नका’ मास्तरांना पुन्हा हवं होतं. शेवटी त्यांनीच विचारलं, "घाबरण्यासारखं नाही ना काही?"

"ते मी आज नाही सांगू शकत," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दोघंही या."

बायको इतका वेळ त्या उलट्या कंबरेकडेच बघत होती. ती पुढे झाली. एकावर एक चढलेल्या शिवणींवरून तिनं बोट फिरवलं, मग कंबर सरळ केली आणि लहान मुलाला घालावा तसा त्यांचा शर्ट आत खोचला.

"घरी गेल्यावर हे सगळं उसवा," ती म्हणाली. "किती उरलात ते मला बघू दे."