उरेब माप

परशरामअण्णा पहिल्यांदा आमच्या दुकानात आले तेव्हा त्यांनी ना किंमत विचारली, ना कॅमेरा, ना बॅटरी. गळ्यातली टेप काढली आणि काचेवरचा नवा फोन मोजायला घेतला. उभा मोजला, आडवा मोजला, खिशातल्या चिठ्ठीवर आकडे लिहिले आणि दुसरा फोन उचलला. खासबागच्या तोंडाशी असलेल्या या मोबाईलच्या दुकानात मी सात वर्षं विक्रीला उभा आहे. लोक फोन हातात तोलून बघतात, काचेवर नख मारून बघतात, एका आजोबांनी तर वास घेऊन बघितला होता. टेप लावणारा माणूस मात्र तोवर पाहिला नव्हता.

“ह्यो केवढा?” त्यांनी विचारलं. मी किंमत सांगितली.

“किंमत न्हवं रं. माप सांग.”

“सहा पॉइंट सात, अण्णा.”

त्यांनी परत टेप लावली. “सहा इंच तीन सूत भरतंय. ह्ये पॉइंट सात कुठनं आलं?”

मी समजावलं की कंपन्या नुसता स्क्रीन मोजतात आणि तोही कोनाकोनी, खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत.

“म्हंजे उरेब,” ते म्हणाले. शिंपी तिरप्या धाग्याला उरेब म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. “उरेब मापावर कोण इकतंय रं? उरेब धरलं की कुठलंबी कापड लांब हुतंय. आमच्यात असं मोजणाऱ्याला चोर म्हणत्यात.” दुकानातली गिऱ्हाईकं हसली. मीही हसलो. मालक हसले नाहीत. अण्णा टेप गळ्यात टाकून काही न घेता निघून गेले.

त्यांचं दुकान आमच्या मागच्याच गल्लीत होतं. एक मशीन, एक इस्त्री, कापलेल्या कापडांचा ढीग, आणि बाहेर दोन माणसं बसतील एवढा बाक. मी शर्ट शिवायला गेलो तर म्हणाले, “आदी मोबाईल काढ.” मला वाटलं, मागचा राग काढतायत. पण ते प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच सांगायचे. छाती, खांदा, बाही नंतर; आधी फोन मोजून खिसा ठरवायचा. “पूर्वी विडीचं बंडल नि काडेपेटी बसली की खिसा झाला. आता वर्षाला खिसा वाढालाय. शर्टाला खिसा न्हाय, खिशाला शर्ट लावालोय मी.”

बाकावर कायम फोनचीच चर्चा. मच्छेच्या कारखान्यातला कुणी सांगायचा की मोठा स्क्रीनच बरा, मॅच तरी दिसते. खानापूरकडचा कुणी भातशेतीवाला म्हणायचा, मोठा घेतला आणि वाकल्याबरोबर चिखलात गेला. नवा आला म्हणून जुना बदलावा का, हप्त्यानं घ्यावा का, आपल्याकडे दर पडायची वाट बघावी का, यावर तासतासभर चालायचं. आमच्या भागात एके काळी लोक सीमेवरून भांडायचे, आता इंचांवरून भांडतात. अण्णा पाय चालवत ऐकायचे आणि मध्येच मशीन थांबवून निकाल द्यायचे. “फाटल्याशिवाय बदलू नगं. आन् फाटल्यावर रफू करत बसू नगं.” एवढं झालं की मशीन परत सुरू.

दुसऱ्यांदा ते आमच्याकडे भर दुपारी आले. दुकानात कुणी नव्हतं. “किरण, मला ल्हान पायजे. रुंदी अडीच इंच. वर सूतभर चालंल, दोन सूत न्हाय.”

“एवढा लहान आता कुणी काढत नाही, अण्णा. सगळे तीन इंचांचे. सवय होते.”

हे वाक्य मी दिवसाला दहा वेळा म्हणतो. त्यावर आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, “सवय कुणाला लावतोस? अंगाला का कापडाला?”

मग त्यांनी सांगितलं. फोन त्यांना नको होता, मालनआक्कांना हवा होता. मालनआक्का त्यांची बायको, शहापूरच्या विणकर घरातली. लग्नाआधी मागावर तुटलेले धागे जोडायच्या. अण्णांच्या म्हणण्यानुसार, त्यांच्या बोटांत गाठ कधी बसली ते डोळ्याला दिसायचंसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. मुलगी सुनीता निपाणीला दिलेली. तिनं आपला जुना लहान फोन आईला आणून दिला. त्यावरून आक्का खाटेवरून दुकानात व्हिडिओ कॉल करायच्या. बोलता येत नसल्यामुळे फक्त दाखवायच्या. रिकामा तांब्या दाखवला की पाणी. बंद पंखा दाखवला की करंट गेला. काहीच न दाखवता नुसता चेहरा आला तर अण्णा म्हणायचे, “काय न्हाय, नुसतं बघालीया.” बटणांचा साधा फोन त्यामुळे उपयोगाचा नव्हता. आणि आता त्या जुन्या फोनवर संदेश आला होता की या फोनवर यापुढे अॅप चालणार नाही.

“फोन वाजला तर मी पाच मिन्टांत घरात असतो,” अण्णा म्हणाले. “न्हाय वाजला तर मला कसं कळायचं?”

मी त्यांना एक लहान फोन स्क्रीनवर दाखवला. तो मोठ्याच्या पाचपट महाग होता आणि आमच्याकडे मिळतही नव्हता. ते बराच वेळ किमतीकडे बघत राहिले. “ल्हान झबल्याला शिलाई तेवढीच पडती, त्ये मला कळतंय. पर एवढी?”

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाजारातल्या एका दुसऱ्या दुकानात मागच्या मॉडेलचा एक लहान फोन कमी किमतीत पडून होता, हे मला माहीत होतं. अॅप त्यावर आणखी तीनेक वर्षं चाललं असतं. पण महिनाअखेर होती, टार्गेटला माझे दोन फोन कमी पडत होते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवायची आमच्याकडे रीत नाही. मी सांगितलं नाही. सहा पॉइंट सातवर कव्हर फुकट होतं, काच फुकट होती. अण्णांनी टेप बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. “दे बाबा. उरेब तर उरेब.”

दुसऱ्या दिवशी मी फोन चालू करून द्यायला त्यांच्या घरी गेलो. गल्लीच्या शेवटी दोन खोल्या, खिडकीजवळ खाट. मालनआक्का स्वच्छ, बारीक चणीच्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. तो तळव्यात मावला नाही. सरकला आणि छातीवर पडला. परत दिला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तो हनुवटीवर. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हात बाजूला ठेवला.

मला वाटलं, आता अण्णा फोन माझ्या अंगावर टाकतील. त्यांनी टाकला असता तर बरं झालं असतं. ते खाटेवर बसले, आक्कांचा हात मांडीवर घेतला आणि टेप लावली. तळव्याची रुंदी, मनगटाचा घेर, अंगठ्याच्या बुंध्यापासून टोकापर्यंत. चिठ्ठीवर लिहिता लिहिता माझ्याकडे वळून म्हणाले, “शिंप्याची बायको, पर कायम जुनं ब्लाउजच मापाला पुढं करायची. पस्तीस वर्षांत टेपनं माप आज पयल्यांदा घेऊ दिलंय बघ.” आक्कांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी फोनच्या कव्हरला मागून एक पट्टी शिवली. चार बोटं त्यात गेली की फोन हाताला धरून राहायचा, पकडायची गरजच नाही. पट्टी उरेब कापली होती. “सरळ पट्टी काचती. उरेब ताणती, आन् परत जाग्यावर येती. मापाला खोटी, पर कामाला खरी.” मी अण्णांचा फोटो स्क्रीनच्या डाव्या कडेला, अंगठ्याखाली आणून ठेवला. त्यावर दाबलं की कॉल लागायचा. एकच अडचण राहिली. कॉल बंद करायचं लाल बटण उजव्या कोपऱ्यात होतं, आणि तिथवर अंगठा पोचत नव्हता. मी सेटिंगमध्ये खूप शोधलं, ते काही हलेना.

“ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाले. “फोन लावायचा तिनं, कापायचा मी. असंच चालतंय संसारात.”

तसंच चाललं. अण्णांचा स्वतःचा फोन दोऱ्याच्या डब्याला टेकवून मशीनसमोर उभा असायचा. दिवसातून पाच-सात वेळा आक्का त्यात यायच्या. कधी तांब्या, कधी पंखा, बऱ्याचदा नुसत्याच. अण्णा काज करत करत बडबडायचे, कोण आलतं, कुणाचा शर्ट आखूड झाला, आमटीत मीठ जास्त पडलंतं काय. शेवटी म्हणायचे, “ठेवू?” आक्का पापणी मिटायच्या. मग ते कापायचे. त्या पापणीशिवाय त्यांनी कधी फोन कापल्याचं मी बघितलं नाही.

चार-पाच महिन्यांनी मी दुसऱ्या शर्टाचं माप द्यायला गेलो. टेप माझ्या गळ्याभोवती असताना मी त्यांना त्या लहान फोनचं सांगून टाकलं. का सांगितलं, मला माहीत नाही. मन खात होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. तोवर मला विशेष काही वाटायचं बंद झालं होतं. रोज तेच बोलून बोलून माणूस बधिर होतो.

अण्णांचा हात थांबला. “सांगायचं हुतंस रं.”

“टार्गेट होतं, अण्णा.”

“मान वर कर.” त्यांनी गळा मोजला, लिहिला, मग छाती मोजली. “तुझंबी पोट हाय, कळतंय मला. पर कापड कमी हाय म्हणून सांगावं. गिऱ्हाईक थांबतंय. आमीबी थांबलो असतो.” त्यानंतर यावर ते कधी बोलले नाहीत. शर्ट वेळेवर दिला आणि शिलाई नेहमीचीच घेतली. थोडी जास्त लावली असती तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या थंडीत एका दुपारी अण्णांच्या शेजारचा चहावाला मला बोलवायला आला. मी गेलो तेव्हा परशरामअण्णा मशीनवर डोकं टेकून बसले होते. सुईखाली बाहीचं कापड तसंच होतं. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, मनगट धरलं, मान हलवली आणि हात अलगद खाली ठेवला. कुणी सुनीताला फोन लावला. निपाणीहून यायला तिला दोन तास तरी लागणार होते. माणसं गोळा झाली, आपापसांत मराठीत-कानडीत बोलत राहिली. मी कोपऱ्यात उभा होतो. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बाहीची शिलाई अर्ध्यावर राहिलीय, एवढंच डोक्यात येत होतं.

दोऱ्याच्या डब्याला टेकवलेला फोन वाजायला लागला. वाजून थांबला आणि परत वाजला. कुणीच हात लावेना. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला.

मालनआक्का पडद्यावर आल्या. हातात तांब्या नव्हता, पंखा दाखवत नव्हत्या. नुसता चेहरा होता. अण्णांच्या जागी मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी बोलायला तोंड उघडलं. दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस मी. त्यांना बोलता येत नव्हतं, मला येत असून उपयोग नव्हता. त्या माझ्या मागं काय दिसतंय ते बघत होत्या. मी फोन छातीशी घेतला, म्हणजे त्यांना मशीन दिसू नये. मग वाटलं, आता त्यांना नुसता काळोख दिसत असेल, म्हणून परत समोर धरला.

फोन कापता येत होता. लाल बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. पण कापला तर त्या घरात एकट्या उरणार होत्या, आणि पापणी मिटायला त्यांना कुणी ‘ठेवू?’ म्हणून विचारलेलंही नव्हतं. मी फोन तसाच चेहऱ्यासमोर धरून दुकानाच्या बाहेर आलो आणि चालायला लागलो. गल्लीतली माणसं बाजूला होत होती. एकजण म्हणाला, “काय रं, व्हिडिओ काढालास व्हय?” मी थांबलो नाही. आक्का सारख्या बघत होत्या. मी त्यांच्या घराच्या दिशेनं येतोय, हे माझ्या मागच्या भिंती बघून त्यांना कळलं असणार. गिरण आली, पाण्याचा नळ आला, शेवटचं वळण आलं. ते वळण आल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

दार ढकलून मी आत गेलो. मालनआक्का खाटेवर उशीला टेकून होत्या, पट्टीत बोटं अडकवलेला फोन समोर धरून. मी चार पावलांवर उभा होतो, तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या फोनकडेच बघत राहिल्या.

“आक्का,” मी म्हणालो, “अण्णा गेले.”

माझ्या तोंडून ते आलं तेव्हा त्या हलल्या नाहीत. क्षणभरानं तेच वाक्य त्यांच्या हातातल्या फोनमधून आलं, आणि मग त्यांनी पापणी मिटली.