शेठजींचा गाळीव समुद्र

पाण्याविषयी आमच्या समोरच्या शेठजींनी जेवढा विचार केला आहे, तेवढा सगळ्या शहादा गावाने मिळून केला नसेल. धंदा कापडाचा, घराणं मारवाडी जैन, त्यामुळे पाणी गाळून पिणं त्यांच्यात पिढीजात. पण शेठजींची गोष्टच निराळी. आमच्याकडे चहा घेण्याआधी ते "सर, पाणी गाळलेलं ना?" असं विचारतात आणि मी हो म्हटलं तरी माझ्या बायकोकडे बघून खात्री करून घेतात. गाळून झालं की फडकं उलटं धरून त्यावरून थोडं पाणी ओतायचं आणि अडकलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे, ही त्यांची रीत. एकदा प्रवासात धर्मशाळेच्या विहिरीवर पाणी गाळलं आणि नेमकं हेच राहून गेलं, तर शेठजी पुढच्या थांब्यावर उतरून ओलं फडकं घेऊन मागे गेले. वऱ्हाड त्यांच्याशिवाय पुढे गेलं. लग्न त्यांच्या सख्ख्या मेव्हणीचं होतं.

अशा माणसाने घरात खाऱ्या पाण्याचे मासे पाळावेत, याला कारण भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी. सुरतेला माल आणायला निघताना शेठजी दर खेपेला त्यांना म्हणायचे, "पुढच्या वेळी तुला समुद्र दाखवतो." ती पुढची वेळ आलीच नाही. भाभींना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळपास बंद झालं. टीव्ही लावला की त्या डोळे मिटून घ्यायच्या. मग शेठजींनी त्यांच्या खाटेसमोर काचेची मोठी टाकी बसवली आणि सुरतेहून दोन मासे आणले, नारिंगी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. कितीतरी दिवसांनी भाभी उशीला टेकून बसल्या. "सर," शेठजी मला म्हणाले, "काहीही करा, हे दोन जीव जगले पाहिजेत." मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्या भांडवलावर ही जबाबदारी माझ्याकडे आली.

समुद्राचं पाणी घरी करायचं म्हणजे शुद्ध पाण्यात त्यासाठी मिळणारं खास मीठ मिसळायचं. मीठ सोपं होतं. शुद्ध पाण्यापायी आमचा उन्हाळा गेला; तोवर मासे सुरतेहून बरोबर आलेल्या पाण्यावरच तगून होते. शेठजींनी आधी सरळ सुरतेहून समुद्रच मागवला, साड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर टेम्पोत कॅन भरून. कॅन गळले आणि त्या लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या बायका मिठाचे नकाशे उठलेल्या साड्या नेसून मिरवल्या. बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरा थर धरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन. बॅटरीत घालायचं पाणी आणून पाहिलं, पण ते कुठल्या भांड्यात तयार केलं, हे दुकानदाराला सांगता येईना. मग मी अतिनील दिव्याचं यंत्र सुचवलं आणि त्याने सगळे जंतू मरतात, असं मोठ्या उत्साहाने सांगितलं. शेठजींचा चेहराच उतरला. "दोन जीव जगवायला लाखो मारायचे? सर, तुम्ही शिक्षक आहात!"

शेवटी आरओ पसंत पडलं. क्षार काढतं म्हणून नव्हे. ते मारत नाही, नुसतं वेगळं करतं म्हणून. बसवायला आलेल्या माणसाला शेठजींनी एकच प्रश्न विचारला, आत अडकलेल्यांचं काय? "फ्लश मारं का निंघी जातस, शेठ," तो म्हणाला. मग बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडली गेली, म्हणजे सगळे आपापल्या घरी. पुढे उरलेसुरले क्षार धरायला रेझिनची नळी बसली. मोजायचं यंत्र पाण्यात बुडवलं, तर शून्य. दुकानात एखादं गिऱ्हाईक अहिराणीत विचारायचं, "शेठ, मासा समुद्रना शेतस, मंग आपलं पानी त्यासले का बरं चालत नही?" ब्लाउजपीस फाडता फाडता शेठजी सांगायचे, "भाऊ, त्या परगावना पाव्हना शेतस."

आणि हे शून्यातलं पाणीसुद्धा टाकीत घालण्याआधी शेठजी फडक्यातून गाळत. गरज नाही, असं मी सांगून थकलो. "यंत्राने त्याचं काम केलं, मी माझं करतो." जुनं फडकं विरलं, तेव्हा त्यांनी दुकानातली सगळ्यात उंची कोरी मलमल फाडून आणली. मी तिथेच होतो. बादलीवर ताणलेलं कोरं कापड पाहून भाभी अस्वस्थ झाल्या आणि मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "धो... धो..."

"धोतर? सकाळीच बदललं की," शेठजी म्हणाले आणि ओतत राहिले.

कोऱ्या कापडाला खळ असते, हे जन्मभर कापड विकलेल्या माणसाला ठाऊक नसेल, असं नाही. पण घरातलं गाळायचं फडकं आधी धुऊन, उकळून घ्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ते आजवर भाभी करत आल्या होत्या. टाकी पांढुरकी झाली, वर फेस आला. आम्ही धावपळ करून पाणी बदललं. एक मासा वाचला, दुसरा गेला.

शेठजींनी उपवास धरला. मला बोलावून म्हणाले, "उरलेला सुरतेला दुकानात परत देतो. तिथे जाणती माणसं आहेत. माझ्या हातून जीव गेला, सर." टाकी उपसायला त्यांनी बादली उचलली, तेव्हा भाभींनी डावा हात लांब करून त्यांचा सदरा धरला.

"रेवण दो," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. "थे... घरे तो... रेवो."

राहू द्या, तुम्ही घरी तरी राहता.

शेठजींनी बादली खाली ठेवली. सगळ्या संसारात हा माणूस सकाळी दुकानात जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. टाकी आल्यापासून पाण्याच्या निमित्ताने त्यांची सकाळ खाटेपाशी जात होती. आम्ही दोघं समजत होतो, भाभी मासे बघतात.

टाकी राहिली, मासाही राहिला. दुकान आता नोकर उघडतो. कोणी बोलवायला आलं, तर शेठजी आतूनच ओरडून सांगतात, "थांब भाऊ, पानी बदली ऱ्हायनू!" खाटेवर भाभी उशीला टेकून बसलेल्या असतात. पाणी बदलायचं काम खरं तर अर्ध्या तासाचं आहे. शेठजी ते जेवणवेळेपर्यंत पुरवतात.