तिसरं कोटेशन

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही, ऑफिसात ज्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं डबा खातो त्याच्याजवळही नाही. तुम्हालाच का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती मला नाही, मी तसा भित्राच.

आधीच सांगतो, पैसे खाल्लेले नाहीत. त्या खरेदीत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही आणि ऑडिटवाले समाधानानं चहा पिऊन गेले. मग केलं काय? सरळ सांगायला गेलो की ते फार किरकोळ वाटतं — आणि ते किरकोळ नाही. नमनालाच घडाभर तेल जातंय, कळतं मला. पण थोडं आडून आडूनच यावं लागेल.

मी नागपुरात, रस्ते दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. हायवेवर रात्री काम करणारे मजूर तुम्ही पाहिले असतील — अंगात पोपटी नाहीतर नारिंगी जाकीट, त्यावर गाडीच्या उजेडात चमकणाऱ्या रुपेरी पट्ट्या. ती जाकिटं मी घेतो. दर मार्चमध्ये घेतो, कारण सुरक्षेसाठी ठेवलेले पैसे एकतीस मार्चच्या आत संपले नाहीत तर पुढच्या वर्षी तेवढे मिळत नाहीत. वर्षभर मजुरांच्या अंगावर काय आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मार्च लागला की सगळ्यांना त्यांची काळजी वाटायला लागते.

आणि ही जाकिटं कुठलीही चालत नाहीत. कपडा आणि पट्टी, दोन्ही प्रयोगशाळेत तपासलेली हवीत, त्याचं प्रमाणपत्र हवं. या नियमाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. साधी पट्टी थोड्याच धुण्यांत मंद होते, आणि अंधारात ट्रकवाल्याला समोरचा माणूस दिसला नाही तर काय होतं ते मी ऐकलेलं आहे. नियम बरोबरच आहे. पुढे सांगता सांगता मी त्याच्या आडोशाला जायला लागलो तर मला जाऊ देऊ नका.

खरेदीला तीन कोटेशनं लागतात. आता तीन कोटेशनं म्हणजे काय, हे ऑफिसात नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच मेहुण्याच्या आणि चुलतभावाच्या नावानं आणखी दोन आणून देतो. पण त्या वर्षी नवे साहेब आले — तीन-चार वर्षं झाली त्याला — आणि म्हणाले, असलं माझ्याकडे चालायचं नाही, खरी कोटेशनं आणा. सदर भागातल्या दोन दुकानांची मिळाली. तिसरं कुठून आणायचं? फेब्रुवारी संपत आला होता. एका संध्याकाळी घरी जाताना मानेवाड्याच्या रस्त्यावर एका गाळ्यावर पाटी दिसली, ‘महिला शिलाई केंद्र’. स्कूटर उभी केली आणि आत गेलो.

आत कुसुमताई होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात टेप, चष्मा डोक्यावर आणि तो सगळीकडे शोधताहेत. माहेर काटोलचं. नवऱ्याशी पटेना तेव्हा मशीन उचलून वेगळ्या झालेल्या, आणि हे स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळ्या होणाऱ्या. हाताखाली रेखा नावाची एक तरुण बाई. एका शाळेचे गणवेश हे त्यांचं मुख्य काम. मी जाकिटाचा फोटो दाखवला तर कुसुमताई हसल्याच.

“देऊ नं शिवून जी. त्याच्यात काय हाये? बाह्याबी नाहीत त्याले!”

त्यांनी लगेच कागदावर भाव लिहून शिक्का मारून दिला. तिथेच माझं काम झालं होतं. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, मार्चच्या आत मिळण्यातलंही नव्हतं. म्हणजे त्यांचं कोटेशन उघडल्याबरोबर बाजूला पडणार होतं, आणि मला तेच हवं होतं — खरं, पण हरणारं. मला तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. ताई, हे नुसतं कागदापुरतं आहे, तुम्ही यावर भरवसा ठेवू नका. बोलायला किती वेळ लागतो हो?

पण त्या म्हणाल्या, “बसा नं जी, चहा मांडून राहिली मी.” आणि मी बसलो.

माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. सबब म्हणून नाही, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी बायको सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तीन महिन्यांसाठी म्हणून. नातू आता शाळेत जातो. भांडण नाही, तंटा नाही — तिकडे तिची गरज आहे आणि इकडे माझी नोकरी. संध्याकाळी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, डबेवाल्याची भाजी गरम करायची. तिचा फोन येतो तो नातवाला झोपवता झोपवता, कुजबुजत. सुट्टीच्या दिवशी कधी कधी लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. मग मी उगाचच भाजीवाल्याशी घासाघीस करायचो.

आणि इथे दोन मशिनी धडधडताहेत, रेडिओ चालू आहे, दोघी एकमेकींवर ओरडताहेत, आणि माझ्या हातात आलं घातलेला चहा.

मी म्हणालो, “एक नमुना शिवून दाखवा.”

नमुना कुणी मागितला नव्हता.

कुसुमताई गांधीबागेतून कपडा घेऊन आल्या, इतवारीतून पट्टी. दोन दिवसांत जाकीट तयार. चांगलं शिवलं होतं. मी ते उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणालो, खिसा जरा खाली हवा. खिसा खाली आला, तर म्हणालो, पट्टी थोडी वर घ्या. मग गळा. मग बटणांऐवजी चेन. प्रत्येक वेळी त्या उसवायच्या, पुन्हा शिवायच्या, आणि मला पुन्हा यायला कारण मिळायचं. कुसुमताई मधूनच वैतागायच्या.

“काहून जी साहेब, तो मजूर रस्ता खोदाले जाते का लग्नाले?”

मी हसायचो. मनापासून हसायचो, हे सांगायला हवं. एक संध्याकाळ तर अशी — त्यांनी शटर खाली ओढलं, दिवे घालवले, रेखा जाकीट घालून पार मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि मी मोबाईलचा टॉर्च मारला. पट्ट्या अशा काही लखलखल्या की कुसुमताईंनी टाळ्याच वाजवल्या. “अवं रेखा, तू तं बम चमकून राहिली वं!” अंधारात आम्ही तिघं हसत होतो. त्या वर्षातली माझी सगळ्यात चांगली संध्याकाळ ती. आता तुम्ही विचाराल, कुसुमताईंबद्दल मनात काही होतं का? नव्हतं. ‘आलात का जी’ असं म्हणणारं कुणीतरी, एवढंच हवं होतं मला. पण त्याची किंमत मी भरत नव्हतो.

रेखाला मात्र वास लागला असावा. एकदा मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “साहेब, तुमी कपडा पाहाले येता का चहा प्याले?” कुसुमताईंनी तिला दटावलं. चोराच्या मनात चांदणं — माझे कान तापले. तरी दुसऱ्या दिवशी मी गेलोच.

आणि आता ते. किती वेळ टाळत होतो बघा.

मार्च मध्यावर आला होता. मी पोचलो तेव्हा मशिनी बंद होत्या, रेडिओही. कुसुमताई माझीच वाट पाहत बसल्या होत्या. दरवर्षी ज्या शाळेचे गणवेश त्या शिवतात, तिथून विचारणा आली होती — यंदा घेता की दुसऱ्याला देऊ, उद्यापर्यंत सांगा. दोन्ही कामं त्या दोघींच्या हातांना झेपणार नव्हती. कुसुमताईंनी चष्मा काढून हातात धरला होता.

“साहेब, मले खरं सांगा. तुमचं काम नक्की असन तं आमी शाळेचं सोडून देतो. नक्की नसन तं तसं बोला, आमाले राग नाही येनार.”

याहून सोपं करून कुणी कुणाला विचारू शकतं का? त्या बाईनं दार सताड उघडून धरलं होतं. मी फक्त बाहेर पडायचं होतं. तरी मी काय हिशेब केला, ऐका. त्यांनी गणवेश घेतले तर टेबलावर निळ्या कापडाचे ढीग पडतील. त्यांना मान वर करायला फुरसत राहणार नाही. माझी खुर्ची तिथून उचलली जाईल. मी उद्या संध्याकाळी कुठे जाऊ? हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं — अगदी स्पष्ट, नुसतं बावचळलो म्हणावं तर तसंही नाही. आणि मी म्हणालो,

“तुमचं काम झालं असंच समजा.”

त्यांनी माझ्यासमोर शाळेला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मग चहा ठेवला. मी तो प्यायलोही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्डर सदरच्या एका दुकानाला गेली. जायचीच होती. प्रमाणपत्रासकट खोकी आली, साहेब खूश झाले. मी कुसुमताईंच्या गाळ्यावरून जायचा रस्ता सोडला आणि फोनवर सांगितलं — समोर जाऊन सांगायचीही हिंमत झाली नाही. म्हणालो, वरून नामंजूर झालं. प्रमाणपत्राचं खुसपट काढलं. मी साहेबांशी खूप भांडलो, पण ऐकेनात. भांडलो! मी साहेबांसमोर त्यांचं नावही घेतलं नव्हतं. तोंडाला पानं पुसायची ती पुसली, वर पुन्हा उपकारही चढवला.

 मग त्या म्हणाल्या, “जाऊ द्या जी. तुमी तं जिवाचं रान केलं आमच्यासाठी. तुमाले काही बोल तं नाही न लागला साहेबाचा?”

माझी काळजी करत होत्या त्या.

उन्हाळाभर त्या गाळ्यात काम नव्हतं. गणवेश दुसऱ्याकडे गेले, आणि शाळा एकदा दुसरा शिंपी धरते तर पुढच्या वर्षीही त्याच्याचकडे जाते. पावसाळ्यात गाळा सुटला. आता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कुसुमताई काटोलला भावाकडे गेल्या. नवऱ्याचं घर सोडून जी बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली ती आता भावजयीच्या घरात एका कोपऱ्यात मशीन मांडून साड्यांना फॉल लावते. रेखा बर्डीच्या बाजारात एका साडीच्या दुकानात लागली. एकदा मी तिला बाहेरून पाहिलं, हात केला. तिनं मला नीट पाहिलं आणि गिऱ्हाइकासमोर दुसरी साडी उलगडली.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी हे सांगितलं नसतं. कुणास ठाऊक.

या हिवाळ्यात कुसुमताईंचा फोन आला. भाचीचं लग्न काटोलला, यायचंच. मी नाही म्हणायला हवं होतं. रविवार होता, घरात कुणी नव्हतं, मी बस धरली. मांडवात त्यांनी मला हाताला धरून पुढे नेलं. जवळच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी देत होते, त्या ओळीत मला उभं केलं आणि भावाला म्हणाल्या, “हे ते साहेब. माह्यासाठी हे आपल्या मोठ्या साहेबाशी भांडले. आपल्यासाठी कोन भांडते गा?” भावानं माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि तो म्हातारा माणूस माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला अर्ध्यातून वर उचललं. मग टोपी सरळ केली. सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते, आणि खरं सांगू? लाज वाटली, पण तिच्याहून जास्त बरं वाटलं. पंगतीत मला आग्रह करकरून वाढलं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.

निघताना त्या बसथांब्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, भावजयीचं घर आहे, किती दिवस राहू? यंदा मार्चात काही निघत असेल तर पाहा. मशीनचं तेलपाणी करून ठेवलं आहे, रेखालाही बोलावून घेऊ.

“पाहतो नं, नक्की पाहतो,” मी म्हणालो.

या वर्षीची ऑर्डर मी सदरच्या दुकानाला देऊनही टाकली आहे. काल संध्याकाळी कुसुमताईंचा फोन आला. “काई जमून राहिलं का जी?” मी म्हणालो, प्रयत्न चालू आहे. मग त्या बोलत राहिल्या — भावजय, भाची, काटोलचं ऊन, मशीनचा पट्टा कसा तुटला — आणि मी पलंगावर बसून ऐकत राहिलो. मी फोन ठेवला नाही. भावजयीनं आतून हाक मारली तेव्हा त्यांनीच ठेवला.