टोकनवरचे सहा आकडे

आमच्या लॅबमधली जुनी माणसं कुणाच्या तरी लग्नात एका टेबलावर आली, की अर्ध्या तासात विषय टोकनवर जातोच. किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. प्रत्येक वेळी एखादा नवीन निघतो. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण घरी परतताना लक्षात येतं, की यातल्या बहुतेक किश्शांत चुकलेला माणूस मीच आहे!

लॅब उल्हासनगरात. रक्त घ्यायची दोन सेंटर, एक अंबरनाथला आणि एक बदलापूरला. मालकीण डॉक्टर मॅडम, सिंधी, पण मराठी एकदम झकास. चिडल्या की मात्र हिंदी. मी कॉम्प्युटर सांभाळायचो. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट.

*

त्याआधी सगळ्या स्टाफचा मिळून एकच पासवर्ड होता. तो मीच ठेवलेला. कुणी विसरू नये म्हणून मी तो मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरच्या वर चिकटवलेला. मला तेव्हा ती सोय वाटायची.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीला कामगारांची तपासणी आमच्याकडे द्यायची होती. त्यांचा साहेब लॅब बघायला आला. मॅडम पेशंटमध्ये होत्या, म्हणून मी त्याला कॉम्प्युटरशेजारी बसवून चहा सांगायला गेलो.

परत आलो तर मॅडम समोर उभ्या आणि साहेब स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणतोय, "मॅडम, जेवणानंतरची शुगर दोनशे साठ! गोड बंद करा."

रिपोर्ट मॅडमचा स्वतःचा होता!

साहेबाने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "माझ्या माणसांचे रिपोर्ट असेच ठेवणार का?"

मॅडम माझ्याकडे वळल्या आणि हिंदीत सुरू झाल्या.

*

मग टोकन आली. ठाण्याहून एक इंजिनीअर येऊन सगळ्यांना समजावून गेला. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा. शिवाय प्रत्येकाला किल्लीला अडकवायची एक छोटी डबी, तेच टोकन. डबीवर सहा आकडे, दर मिनिटाला बदलणारे. आधी पासवर्ड टाकायचा, मग ते आकडे. दोन्ही जुळले तरच रिपोर्ट उघडणार. पासवर्ड चोरीला गेला तरी डबी नाही, आणि डबी सापडली तरी पासवर्ड नाही.

बदलापूर सेंटरला भोईरकाका होते. तिथल्याच गावचे, रक्त काढण्यात हात इतका हलका की लहान मुलंही रडायची नाहीत. मी त्यांची डबी दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवून दिली. समजावायला स्वतः गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "सायेब, यो घड्याल बिघरला वाटते! आता एकोणचालीस वाजलेले, लगेच चौऱ्याऐंशी वाजले!"

मी फोन स्पीकरवर टाकला. "काका, परत सांगा, किती वाजले?" त्यांनी बिचाऱ्यांनी परत सांगितलं. सगळा स्टाफ खो खो हसला.

 मग काका म्हणाले, "हसून झाला का माना सांगा. हितं पेशंट बसलेत."

स्पीकर कुठल्या बटनाने बंद होतो ते मला त्या क्षणी सापडेना.

*

काउंटरला प्रमिलाताई. माणसं जपायला एक नंबर, पण पासवर्ड काही लक्षात राहायचा नाही. एकदा त्या बाजारात गेल्या आणि टोकन एका पापडवाल्याच्या दुकानात विसरून आल्या. तासाभराने तो पापडवालाच लॅबमध्ये हजर.

"साईं, ये आपका है क्या? पीछे चिठ्ठी पे लॅब का नाम है, पासवर्ड भी है. लॉटरी-बिटरी है क्या?"

डबीच्या मागे चिकटपट्टीखाली कागद, त्यावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं! माझं डोकंच फिरलं. मी पेशंटसमोर ताईंना झाडलं. "एवढं ट्रेनिंग दिलं! लोकांचे रिपोर्ट आहेत हे! थोडी तरी जबाबदारी?"

ताई माझं बोलून होईपर्यंत थांबल्या. मग टोकन माझ्यासमोर पालथं ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, अक्षर बघा ना जरा."

अक्षर माझं होतं. गर्दीच्या वेळी त्या सारखं विचारायच्या म्हणून मीच कधीतरी वैतागून लिहून दिलेलं.

मी सॉरी म्हणालो. पण ते संध्याकाळी, पेशंट गेल्यावर. झाडलं होतं सगळ्यांसमोर, आणि सॉरी एकट्यात!

*

पुढे मी स्वतः बदलापूरला जाऊन नियम समजावून आलो, आणि भोईरकाका इतके कडक झाले की विचारू नका. एका सोमवारी मी माझं टोकन विठ्ठलवाडीला घरीच विसरलो. काउंटरपुढे ही रांग. मॅडम कॉन्फरन्सला, प्रमिलाताई रजेवर. मी काकांना फोन लावला.

"काका, तुमचा पासवर्ड आणि डबीवरचा नंबर सांगा पटकन. तुमच्या नावाने उघडतो."

"नाय."

"अहो काका, मी बोलतोय!"

"वलखला. तुमीच सांगितलेला ना, आपल्या बापाला पन सांगायचा नाय?"

"हो, पण ते मी सांगितलं होतं!"

"मंग तुमाना कसा सांगू?"

आणि फोन ठेवून दिला! मी रिक्षा करून घरी गेलो, टोकन घेऊन परत आलो. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर आणायला गेलावतास का रे?"

मी मान खाली घालून रिपोर्ट काढत बसलो.

*

आता शेवटचा. हा मी कुठल्याच लग्नातल्या टेबलावर सांगितलेला नाही.

आमच्या चाळीत वैशाली म्हणून मुलगी होती. हुशार, ट्यूशन घेऊन शिकलेली, मला लहानपणापासून दादा म्हणायची. माझ्या बदलापूरच्या मावशीच्या मुलासाठी तिचं स्थळ चाललं होतं. मुलाला पसंत, मुलीला पसंत. साखरपुडा कुठल्या विहारात करायचा, इथपर्यंत बोलणं आलेलं.

एक दिवस मावशीचा लॅबमध्ये फोन. "अरे, कुणीतरी म्हणालं पोरगी मध्ये खूप आजारी होती. तुझ्याकडे सगळं असतं ना कॉम्प्युटरमध्ये? बघ की जरा. घरातलंच काम आहे."

मी बघायला नको होतं. मी पासवर्ड टाकला, टोकनवरचा नंबर टाकला. सगळं अगदी नियमाप्रमाणे.

वैशालीच्या नावावर दोन रिपोर्ट होते. दोन वर्षांपूर्वीचा, थुंकीचा, टीबी. आणि त्यानंतरचा, औषधांचा कोर्स संपल्यावरचा, एकदम स्वच्छ.

"मावशी, टीबी झाला होता तिला, पण..."

मावशीने फोन ठेवला. दुसऱ्या रिपोर्टचं सांगायला मी परत लावू शकलो असतो. लावला नाही. समोर पेशंट उभा होता, असं मी स्वतःला सांगितलं.

आठवड्याने कळलं, मावशीने निरोप पाठवला. मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही म्हणे.

चार-पाच महिन्यांनी वैशाली लॅबमध्ये आली. नोकरी लागली होती, त्यासाठी मेडिकल करायचं होतं. रक्त देऊन झालं आणि ती हात दुमडून माझ्या टेबलापाशी आली.

"दादा, एक विचारू? इथले रिपोर्ट दुसरं कुणी बघू शकतं का हो?"

माझ्या तोंडून पाठ केलेलं निघालं. "नाही गं. पासवर्ड लागतो. मग या टोकनवरचा नंबर लागतो. दोन्ही असल्याशिवाय कुणाला काही दिसत नाही."

तिने टोकन हातात घेतलं. आकडे बदलेपर्यंत बघत राहिली आणि परत टेबलावर ठेवलं.

"मी आईला तेच म्हटलं. ती सारखी म्हणते, ते लग्न मोडलं ना, ते इथूनच कुणीतरी सांगितलं म्हणून. मी म्हटलं, आई, वेडी आहेस का? तिथं आपला दादा बसतो!"